ऐकू येणारी शाळा, सही मागणारी शाळा

‘उचलबांगडी’ हा शब्द आज आपल्याला वर्तमानपत्रांत भेटतो, तो बहुधा कुणा अधिकाऱ्याच्या बदलीच्या बातमीत. त्या शब्दामागचे जुने चित्र मात्र शाळेचे आहे. न आलेल्या पोराला आणायला पंतोजी चार थोराड विद्यार्थी धाडीत. ती पोरे त्याचे हातपाय धरून, त्याला अधांतरी उचलून, भर आळीतून शाळेत घेऊन जात. पोर रडत असे, कुत्री भुंकत असत, ओट्यावरची माणसे हसत असत आणि आई दाराच्या चौकटीला टेकून पाहत असे. प्रकार क्रूर होता, हे सांगायला नकोच. पण त्या क्रूर मिरवणुकीत एक देवाणघेवाणही होती. पोर का आले नाही, हे पंतोजीला घटकाभरात कळे. आणि पोर शाळेत पोहोचले आहे, हे सगळ्या आळीला कळे. शाळेने घराला धाडलेला तो निरोप होता आणि तो समजायला अक्षरओळख लागत नव्हती.

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो धोरणांचा, कायद्यांचा, शाळांच्या संख्येचा आणि थोर पुरुषांचा (अलीकडे थोर स्त्रियांचाही). वर्गाचे दार लोटल्यावर आत काय चालते, हे आईबापांना कसे कळत होते, या साध्या प्रश्नाला त्यात फारशी जागा मिळत नाही. वास्तविक प्राथमिक शाळेचे आणि समाजाचे नाते तपासायचे तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा. गेल्या दोनशे वर्षांत शाळेने घराशी बोलण्याची जी साधने वाढवली, ती जवळजवळ सगळी कागदाची होती. कागद वाढत गेला तसतसे वर्ग पाहणे आणि वर्ग ऐकणे कमी होत गेले. याची सर्वाधिक किंमत ज्यांनी मोजली, त्यांना तो कागदच वाचता येत नव्हता. मात्र ही कहाणी ‘पूर्वी सारे चांगले होते’ अशा सरळ उताराची नाही, आणि तिचे वळण पहिल्याच टप्प्यावर येते.

पंतोजीच्या शाळेला बहुधा स्वतःची इमारत नसे. देवळाचा सभामंडप, चावडी, एखाद्या सधन माणसाची ओसरी किंवा पडवी, जिथे सावली मिळेल तिथे शाळा. ‘ओ ना मा सि धं’ने आरंभ, धूळपाटीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, मग मोडीचा कित्ता, आणि या सगळ्यांवर तोललेले अंकगणित: उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. मुले हे सारे मोठ्याने, एका सुरात म्हणत. एक मोठा मुलगा सांगे, बाकीचे त्याच्यामागून ओरडत. त्या गलक्यात अर्थ किती जणांच्या डोक्यात शिरत असेल हा प्रश्न वेगळा. पण शेजारच्या घरात धान्य निवडत बसलेल्या बाईला आज वर्ग कुठवर आला आहे ते ऐकू येत होते. वर्गाला भिंत नव्हती, किंवा जी होती ती आवाज अडवीत नव्हती.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जे शिकवले जाई ते घराच्या ओळखीचे होते. बापाला औटकी येत असे, निदान तिचा उपयोग ठाऊक असे. दिवेलागणीला पोर परवचा म्हणू लागले, की तो अडखळला कुठे हे माजघरातूनही कळे. साडेतीन साते किती, हे बाजारात भाव ठरवणाऱ्या माणसाला विचारता येत होते. मोडीचे वळण सुधारले की नाही, हे आजोबा कित्त्याकडे पाहून सांगत. परवचा ही शाळेच्या कामाची रोजची तोंडी तपासणीच होती आणि ती करणारा अधिकारी घरातलाच होता. पंतोजीचा निर्वाहही घरांवर अवलंबून असे. धान्य, शिधा, सणावारी मिळणारी दक्षिणा यांवर त्याचे चाले. काम पसंत नसेल तर शिधा आखडता होई. दसऱ्याला पाटीपूजन असो की नवे पोर शाळेत घालण्याचा दिवस असो, शाळा अधूनमधून गल्लीत उतरत असे. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, 1820च्या दशकात, मुंबई सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा शाळांची माहिती मागवली. शाळा किती, मुले किती, पंतोजीला मिळते काय, शिकवतात काय, हे प्रश्न त्या चौकशीत होते. आईबाप या शाळेला काय म्हणतात, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नसावी.

आता वळण. ही शाळा कुणाला ऐकू येत होती? ज्यांची घरे त्या आळीत होती त्यांना. महारवाड्यात आणि मांगवाड्यात तो सूर पोहोचला तरी तो परक्याच्या घरातला सूर होता. मुलींच्या कानावर तो पडे, पण त्यात आवाज मिसळण्याची त्यांना मुभा नव्हती. तेव्हा ‘उघड्या’ शाळेविषयी हळवे होताना ती कुणासाठी उघडी होती, हे विसरून चालत नाही. आवाज सर्वांना ऐकू येणे आणि शाळा सर्वांची असणे, या दोन गोष्टींतले अंतर ओलांडायला 1848 साल उजाडावे लागले.

1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि पुढच्या काही वर्षांत मुलींच्या व अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींच्या आणखी शाळा काढल्या. या शाळांपुढे एक विलक्षण अडचण होती. त्यांच्यापाशी परंपरेचे पाठबळ नव्हते. मुलगी शिकली तर काय अनर्थ ओढवेल याविषयीच्या कहाण्या शहरभर पसरवल्या जात होत्या. आत काय चालते ते उघड करून दाखवणे, हाच त्यांवर उपाय होता. तो जाहीर परीक्षेच्या रूपाने झाला. जाहीर परीक्षा ही त्या काळातली रूढ पद्धत होती. साहेब लोक, शहरातले प्रतिष्ठित आणि पालक यांच्यादेखत विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले जात. 1853 मध्ये पुण्यात मुलींच्या शाळांची अशी परीक्षा झाली तेव्हा ती पाहायला प्रचंड गर्दी लोटली होती. आपण आज या समारंभांकडे वसाहतकालीन देखावा म्हणून पाहतो आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या बापाने भाऊबंदांचा रोष पत्करून मुलीला शाळेत धाडले होते, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. चारचौघांत आपली मुलगी उभी राहून वाचते आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांनीही पाहिले. त्या दिवशी त्याच्या हाती जे पडले ते कुठल्याही गुणपत्रकात मावणारे नव्हते.

याच शाळांतून एक वेगळा दस्तऐवज बाहेर आला. साहित्याच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. मांग जातीची, चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. दलित स्त्रीच्या आत्मकथनपर लेखनाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. मला त्याकडे आणखी एका अंगाने पाहावेसे वाटते. वर्गात काय घडते याचा त्या वर्गातल्या मुलीने स्वतः बाहेर धाडलेला तो पुरावा आहे. तीन वर्षे शाळेत बसलेल्या मुलीला काय विचार करता येऊ लागला, हे सांगणारे त्या काळचे दुसरे कोणते प्रगतिपुस्तक आपण दाखवू शकू? अडचण एवढीच, की ते ज्यांच्या दुःखाविषयी होते त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ते वाचता आले असेल. ही अडचण पुढे दीडशे वर्षे आपली पाठ सोडीत नाही.

1854चा वुडचा खलिता आला, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले आणि शाळा ‘सरकारी’ झाली. यातून झालेला लाभ मोठा आहे. तत्त्वतः तरी शाळा जातीच्या ओसरीवरून सार्वजनिक इमारतीत आली. पण त्याचबरोबर तिचे तोंड फिरले. आजवर ती ज्यांच्या शिध्यावर चालत होती त्या घरांकडे पाही. आता ती वर, खात्याकडे पाहू लागली. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर येई. खेड्यातल्या लोकांनी त्याचा ‘दिपोटी’ करून टाकला. दिपोटी यायचा म्हणजे शाळा सारवली जाई, मुलांना आंघोळी घालून आणले जाई, पाठ केलेली कविता पुन्हा पाठ करून घेतली जाई. तो परीक्षा घेई, शेरेबुकात शेरा लिही आणि घोड्यावर बसून निघून जाई. शेरेबुक मास्तरांच्या पेटीत बंद होई. गावातल्या शाळेविषयी लिहिलेला तो सर्वांत महत्त्वाचा मजकूर गावाला कधीच वाचून दाखवला जात नसे. हजेरीपट, जनरल रजिस्टर, शेरेबुक यांनी शाळेची लेखनसामग्री वाढली, पण यातले एकही पान घरासाठी लिहिलेले नव्हते.

शिकवण्याचा मजकूरही बदलला. क्रमिक पुस्तके आली, बाळबोध लिपी आली, भूगोल आला, व्याकरण आले, भिंतीवर नकाशा लागला. हे सगळे हवेच होते. परंतु त्यामुळे घरातल्या तपासनिसाची खुर्ची गेली. औटकी विचारू शकणारा बाप कर्तरी-कर्मणी प्रयोग विचारू शकत नव्हता. परवचा दिवेलागणीला चालूच राहिला, पण आता तो शाळेच्या एका कोपऱ्याचाच आरसा होता. उरलेली शाळा घराच्या दृष्टीने मुकी झाली. या मुकेपणातून पुढे एक चमत्कारिक भक्तिभाव जन्मला. मास्तर जे करतील ते खरे. ‘पोराचे डोळे तेवढे ठेवा, बाकी काय करायचे ते करा’ असे सांगणारा बाप हा त्याच भक्तिभावाचा नमुना. त्या वाक्यातला विनोद आपण पुष्कळ सांगितला आहे. त्यातली हतबलता तितकीशी पाहिलेली नाही.

ती पाहिली जोतीराव फुल्यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणावरचा भाग मुद्दाम पुन्हा वाचावा असा आहे. बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्यापलीकडे दोन गोष्टी आहेत. पहिली तपासणीविषयी: दिपोटीची वर्षातून एक भेट कुचकामाची आहे, निदान तिमाहीला तरी तपासणी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळा पाहावी, असे ते सुचवतात. सारवलेली शाळा आणि रोजची शाळा यांतला फरक त्यांनी नेमका हेरला होता. दुसरी गोष्ट शिक्षकाविषयी. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला असावा, गरज पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याला खालच्या थरांतल्या लोकांत सहज मिसळता यावे, असे ते म्हणतात. त्याला गावच्या व्यवहारात काही काम द्यावे, गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅंपविक्री असे काही, म्हणजे लोकांत त्याचे वजन वाढेल, अशीही सूचना आहे. या सूचनेकडे सामान्यतः पगारवाढीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मला तिच्यात घर आणि शाळा यांच्यातल्या बोलण्याचा विचार दिसतो. ज्या माणसाकडे बाप टपाल न्यायला येणार, त्याच्याशी तो जाता जाता पोराविषयी दोन शब्द बोलणार. फुल्यांना कागद नको होता असे नाही; पण कागदाआधी त्यांना ओट्यावरचे बोलणे हवे होते. सोवळ्यामुळे अंतर राखून उभा असलेला मास्तर ते बोलणे करू शकत नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

यानंतर शाळेने घराला जो पहिला लेखी संदेश व्यवस्थितपणे धाडला, तो कसला होता? दंडाचा. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध बडोदे संस्थानात लागू केला. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाची आज्ञा काढली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. मुंबई इलाख्यात 1918चा आणि पुढे 1947चा कायदा आला. या राजांची आणि कायद्यांची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. सक्ती नसती तर आपल्यापैकी कितीतरी जण हा लेख वाचत नसते. नोंद एवढीच करायची, की शाळा घरी बोलू लागली तेव्हा तिने पहिला शब्द उच्चारला तो गैरहजेरीचा. तुमचे मूल आले नाही, हे तिने कळवले. आले होते तेव्हा काय झाले, हे सांगण्याची तिच्यावर सक्ती नव्हती.

साहित्यात या मुक्या काळाची चित्रे सापडतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, तेव्हा शाळा जवळपास नाहीशीच झालेली असते आणि मुले मेंढरांमागे असतात. तो शाळा उभी करतो ती कारभाऱ्याच्या मध्यस्थीने. हळूहळू वस्ती त्याच्याकडे येऊ लागते, पण अर्ज लिहून घ्यायला, भांडण सोडवायला, तालुक्याचे काम सांगायला. फुल्यांच्या सूचनेतला गावच्या व्यवहारात गुंतलेला मास्तर इथे जणू साक्षात भेटतो. पोरांच्या अभ्यासाविषयी कुणी फारसे विचारीत नाही. मास्तर आपला झाला, एवढे वस्तीला पुरते. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन आत्मकथनांत चित्र अधिक उग्र आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त पोराला शाळेत घातल्यामुळे वस्तीवर रोगराई आली, असे भावकीला वाटते. शाळेच्या आत काय चालते हे जिथे कुणालाच ठाऊक नाही तिथे अशी भीती का निर्माण होऊ नये? आणि आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शाळा सोडायला लावणाऱ्या बापाला वळवण्यासाठी आई आणि मुलगा गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात. बाप शाळेचे ऐकत नाही, मास्तरचे ऐकत नाही, वाड्याचे ऐकतो. सकाळी मळ्यात राबून मग शाळा, शाळा सुटली की गुरे, आणि काम अडले तर शाळेला रजा, अशा अटींवर तह होतो. या तहात ‘मूल शाळेत शिकते काय’ हा विषय कुठेच नाही.

‘झोंबी’तला पुढचा भाग मात्र मला या साऱ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. वर्गात सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभाव करून शिकवतात. पोर त्या कविता मळ्यात पाणी पाजताना मोठ्याने म्हणतो, मास्तरांसारखेच हातवारे करून. परवचा ज्या अर्थी घरात ऐकू येत होता, त्याच अर्थी इथे मराठीचा तास मळ्यात ऐकू येतो. ऐकायला गुरे आहेत, उभे पीक आहे आणि ज्याला त्या तासाचे मोल कळवण्याची कसलीही सोय नाही असा बाप कुठेतरी त्याच शिवारात आहे.

दरम्यान पालकांशी बोलण्याचा एक जाणीवपूर्वक प्रयत्न झाला, तो भावनगरला. दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. तो उत्साहाने पालकांची सभा बोलावतो आणि येतात बोटांवर मोजण्याइतके. पालकसभेचा पुढचा सगळा इतिहास त्या एका प्रसंगात आधीच लिहून झाला आहे, असे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला वाटेल. गिजुभाईंच्या सहवासात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो धागा मराठीत आणला. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना 1926 मधली. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंच्या संपादनाखाली 1933 पासून निघू लागली. मुलाला मारू नये, भिववू नये, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, त्याच्या खेळात शिक्षण असते, या गोष्टी आईबापांशी बोलल्यासारख्या सांगणारे ते मासिक होते. पण मासिक विकत घेणारे, वाचणारे आईबाप कोण? शहरातले मध्यमवर्गीय.

ताराबाईंना हे कळले आणि त्यांनी त्यावर काम केले, हे त्यांचे मोठेपण. 1945 मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथे बालवाडी काढली. पण वस्तीतली मुले तिच्याकडे येईनात. मग बालवाडीच वस्तीत नेली, अंगणात. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला आणि आता तो इतका सरकारी झाला आहे, की त्यातले अंगण आपल्याला दिसत नाही. ते पुन्हा डोळ्यांपुढे आणावे. मुलांना नाहायला घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, मातीचे खेळ, हे सगळे घराच्या दारात चालले आहे. कामावर जाणारी बाई जाता जाता थबकते. म्हातारी खाटेवरून पाहते आहे आणि बाईंना दोन शब्द सुनावतेही आहे. पालकांना कळवण्यासाठी वेगळे काही करावे लागतच नाही, कारण भिंत नाही. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पंतोजीच्या ओसरीतला उघडेपणा इथे परत आला आणि या वेळी ज्यांना त्या ओसरीची पायरी वर्ज्य होती त्यांच्या अंगणात आला. विसाव्या शतकातल्या मराठी शिक्षणविचारातली ही सर्वांत धाडसी कल्पना आहे, असे माझे मत आहे. ती बालवाडीपुरती राहिली. पहिलीपासून पुढे भिंत कायम राहिली.

भिंतीला एक फट होती, ती प्रगतिपुस्तकाची. आपल्यापैकी बहुतेकांच्या ट्रंकेत किंवा स्मरणात एखादे असेल: जाड पिवळट पुठ्ठा, हजर दिवस, विषयवार गुण, वर्गातला नंबर, कुठे कुठे उंची आणि वजन, ‘प्रगती समाधानकारक’ किंवा ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ असा एका ओळीचा शेरा, आणि तळाशी पालकांची सही. या सहीचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. ज्या घरात सही येत होती तिथे प्रगतिपुस्तक हा घरगुती खटल्याचा कागद होता. ज्या घरात येत नव्हती तिथे मूल स्वतःचा निकाल स्वतःच वाचून दाखवी आणि बाप शाई लावलेला अंगठा उमटवी. आरोपी, वकील आणि दुभाषा एकच. त्याने नापास विषय गाळून वाचला तर कळणार कसे? आणि खरा वाचला तर, ‘गणितात चाळीस’ म्हणजे काय, हे बापाला सांगणार कोण? माझ्या माहितीतल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेने एकदा सांगितले होते, की अंगठ्याच्या ठशावरून त्या बापाचे काम ओळखत: वीटभट्टीवरच्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा उमटत नसत. त्यांनी हे कौतुकाने सांगितले नव्हते. वर्षानुवर्षे त्या ठशांखाली आपण ‘पालकांनी पाहिले’ असे समजत आलो, हे त्यांना खुपत होते.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याने या साऱ्याला उत्तर शोधले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्याने सांगितले. कायदा एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांबरोबर वर्णन आले. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, अशा रकान्यांत शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी स्वतःच्या शब्दांत लिहायचे होते. कल्पना सुंदर होती. प्रत्येक मूल वेगळे आहे, तर त्याच्याविषयीचे वाक्यही वेगळे असावे. थोड्याच दिवसांत वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, विषयवार, इयत्तावार, विकत आणि फुकट. ‘उपक्रमात उत्साहाने सहभाग घेतो’ हे वाक्य हजारो मुलांच्या नावापुढे उमटले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काहीतरी दिसेल: अनुभवाला शब्द मिळण्याआधीच सांकेतिक शब्दांनी जागा अडवली. शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. चाळीस मुले, अनेक विषय, दोन सत्रे, आणि वर मतदारयाद्यांपासून पोषण आहारापर्यंतची कामे. या माणसाने प्रत्येक मुलाविषयी रोज नवे वाक्य कुठून आणावे? शिवाय ते वाक्य कोण वाचणार आहे, याचीही त्याला कल्पना होती. नोंदवही तपासणार होता तो केंद्रप्रमुख. दिपोटी गेला, शेरेबुक राहिले.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि अनपेक्षितपणे भिंत पडली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे ब्रीद घेऊन रोजचा अभ्यास फोनवर येऊ लागला. ज्या घरात फोन होता, त्या घरात स्वयंपाक करता करता आईच्या कानावर तिसरीचा गणिताचा तास पडू लागला. बाई कुणाला नावाने हाक मारतात, कुणाला मारीत नाहीत, आपले पोर प्रश्न विचारते की गप्प राहते, हे दीडशे वर्षांत पहिल्यांदाच इतक्या घरांना एकदम ऐकू आले. बऱ्याच शिक्षकांना त्याचे दडपण आले, ते स्वाभाविक होते. ओसरीवरच्या पंतोजीलाही ते रोज येत असले पाहिजे. ज्या घरात फोन नव्हता किंवा एकच फोन बापाबरोबर कामावर जात होता, तिथे काहीच ऐकू आले नाही. जुन्या ओसरीचा नियम पुन्हा लागू झाला, या वेळी जातीच्या जोडीला रिचार्जचा.

त्याच 2020च्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर, म्हणजे कोसबाडची टेकडी आज ज्या जिल्ह्यात मोडते त्याच मुलखात, एका स्वयंसेवी संस्थेने ‘बोलकी शाळा’ चालवली. ध्वनिमुद्रित धडे ध्वनिवर्धकावरून लावले जात आणि मुले अंतर राखून उघड्यावर बसून ऐकत. त्या कर्ण्याचा आवाज मुलांपाशी थांबणारा नव्हता. आसपासच्या घरांत, शेतांत कामावर असलेल्या आईबापांपर्यंतही तो पोहोचत होता. त्यांना धडा ऐकू येत होता. कर्ण्याला उलट काही विचारण्याची सोय मात्र नव्हती. दोन वर्षांनी शाळा पूर्ववत भरू लागल्या, वर्गांची दारे लोटली गेली, आणि सत्राअखेरीस नोंदपत्रके सहीसाठी घरी येऊ लागली.